चावी फिरेना

शशिकांत परुळेकरांच्या डोळ्यांत धुकं उतरलं, त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं होतं. सगळीकडे नव्हतं ते. कडेला सगळं लख्ख, आणि मधोमध कुणीतरी ओल्या बोटानं पुसल्यासारखं. त्यामुळे ज्याच्याकडे बघावं ते नाहीसं व्हायचं, आणि ज्याच्याकडे बघू नये ते मात्र नीट दिसायचं. भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे दिसायचे, काटे दिसायचे नाहीत. समोर कोण आलंय ते कळायला त्याच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघावं लागायचं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्याचा फोटो काढून, दोन-तीन इंजेक्शनं देऊन झाल्यावर एक दिवस सांगितलं होतं, "काका, आहे तेवढं सांभाळू. पण गाडी आता विसरा."

बाकी काहीही विसरा म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. शशिकांतनं औषध कंपनीत चौतीस वर्षं फिरतीची नोकरी केली होती. चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, मग पुढे बढती मिळाल्यावर नाशिक, जळगाव. डॉक्टरांची नावं तो विसरला होता, औषधांची विसरत चालला होता, पण कुठल्या घाटात कितव्या वळणावर चिखल साचतो ते त्याचे हात अजून सांगू शकत होते. मीरा रोडला शांती नगरातल्या घरी तो महिन्यातले दहा दिवस असायचा आणि तेव्हाही त्याची नजर गॅलरीतून खाली, पार्किंगमधल्या राखाडी गाडीवर असायची.

डॉक्टरीणबाईंचं त्यानं ऐकलं, असं नाही. एका सकाळी मृणालिनी अंघोळीला गेल्याचं बघून तो चावी घेऊन खाली उतरला. फक्त सोसायटीच्या आत एक चक्कर, बस. चक्कर अर्धी झाली आणि तळमजल्यावरच्या हंसाबेनच्या तुळशीच्या तीन कुंड्या चाकाखाली गेल्या. हंसाबेन बिचारी काही बोलली नाही. "कुंडी छे, भाई, नवी आवशे," म्हणाली आणि झाडू आणायला आत गेली. पण त्या कुंड्यांच्या जागी पाच मिनिटांपूर्वी तिचा नातू बसला होता, हे शशिकांतला मागाहून कळलं. त्या दिवसापासून चावी मृणालिनीच्या पर्समध्ये गेली. तिनं मागितली नाही, त्यानं दिली नाही. ती तिथे गेली आणि राहिली.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत मृणालिनी रोज सकाळी सातला "चालायला" जाऊ लागली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं चालायला जाणं चांगलंच, म्हणून शशिकांतनं कौतुक केलं. मग एक दिवस तिनं जेवताना त्याच्या ताटाशेजारी एक कार्ड ठेवलं. त्यानं ते डोळ्यांच्या कडेला नेऊन तिरकं धरून बघितलं. फोटो मृणालिनीचा होता.

"लायसन्स?"

"निकेतनं शिकवलं. मोटार ट्रेनिंगवाला. पंचवीस वर्षांचा आहे, पण आवाज चढवत नाही."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

शशिकांतनं आमटी ओरपली. काय म्हणाला असता, ते दोघांनाही माहीत होतं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि त्यातली तीस तो म्हणत आला होता की गाडी चालवणं हे तुझं काम नव्हे, तुझं लक्ष नसतं.

जानेवारीतल्या एका रविवारी ती म्हणाली, "महिनाभर उत्तनचा समुद्र, उत्तनचा समुद्र करताय. चला, नेते. पण एक अट आहे. वाटेत एक शब्द बोलायचा नाही. ब्रेक नाही, गिअर नाही, बघ-बघ नाही. काही नाही."

"आणि समोर ट्रक आला तर?"

"ट्रक मला दिसतो," मृणालिनी म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला वाईट वाटलं असावं, कारण तिनं त्याच्या शर्टाची कॉलर उगाचच सारखी केली.

दुपारचे तीन वाजले होते. शशिकांत आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत डाव्या बाजूला बसला. तिथून सगळंच परकं वाटत होतं. गाडी सुरू झाली, पण जागची हलेना. नुसती कण्हत, मागून कुणी शेपूट धरल्यासारखी. हँडब्रेक, शशिकांत मनात म्हणाला. हँडब्रेक, हँडब्रेक. त्यानं जीभ दातांत धरली. थोड्या वेळानं मृणालिनीलाच उमगलं. मग भाईंदरच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे भोंग्यांचा कालवा उठला. ती तिसऱ्या गिअरमध्ये निघू बघत होती. शशिकांतच्या उजव्या हाताची बोटं आपोआप गिअरकडे गेली, आणि त्यानं तो हात मांडीखाली दाबून धरला. मृणालिनीनं कपाळावरचा घाम पुसला, मोठ्यानं "क्लच. पहिला. हळू," असं स्वतःशीच म्हटलं, आणि गाडी पूल चढून गेली.

भाईंदर पश्चिमेची गर्दी मागे पडली. मुर्धा, राई, मोरवा अशी गावं एकामागून एक आली नि गेली, आणि रस्त्याच्या कडेला मिठागरं लागली. पाणी आणि आकाश यांच्यामधली रेघ तिथे कुणी ओढायलाच विसरलं होतं. शशिकांतच्या डोळ्यांतलं धुकं त्या पांढऱ्या उजेडात मिसळून गेलं. इथे ज्याला दिसतं त्यालाही एवढंच दिसत असेल, असं त्याला वाटलं, आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्याला थोडं हलकं वाटलं.

उत्तनला समुद्राच्या अलीकडे, जिथे बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातले होते, तिथे एका मोकळ्या जागेत मृणालिनीनं गाडी लावली. अगदी सरळ लावली. चाकं सरळ, तोंड समुद्राकडे.

"आलो!" ती म्हणाली. आवाजात सातवी पास झालेल्या मुलीचा आनंद होता. "चला, उतरा. पाण्यापर्यंत जाऊ."

शशिकांतनं दार उघडलं. पुढे वाळू, दोर, कुठे दगड, कुठे खड्डा. त्याला एवढंच कळलं की पाय टाकायची जागा दिसत नाहीये आणि तिकडे माणसं बसलेली आहेत. "तू जाऊन ये," तो म्हणाला. "मी इथेच बसतो. वारा छान आहे."

"अहो, तुम्हालाच यायचं होतं ना?"

"आलोच आहे की."

तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग चावी काढल्याचा आवाज झाला. आणि पर्सची चेन बंद झाल्याचा. "दहा मिनिटांत येते," म्हणून ती निघाली. डोळ्याच्या कडेनं शशिकांतला तिच्या साडीचा केशरी रंग लांब लांब जाताना दिसला, आणि मग त्यानं चूक केली. सरळ बघितलं, आणि रंग विझला.

चावी काढून नेली. समुद्रावर जातानाही नेली. तिचं काही चुकलं नव्हतं. हंसाबेनच्या नातवाचं नाव ध्रुव होतं, तीन वर्षांचा होता. तरीसुद्धा त्या चेनचा आवाज शशिकांतच्या कानात बराच वेळ कुरतडत राहिला.

वाऱ्याला बोंबलाचा, मिठाचा आणि कुठल्याशा चुलीच्या धुराचा वास होता. लाटांचा आवाज येत होता तो असा की कुणी झोपेत कूस बदलतंय. ऊन उतरायला लागलं होतं. शशिकांत उतरला, बॉनेटवर हात ठेवला आणि हाताखालून गाडी सरकू देत देत, बैलाला प्रदक्षिणा घालावी तसा, पलीकडच्या बाजूला गेला. दार उघडून आत बसला. गुडघे स्टिअरिंगला अडकले, म्हणून खालची दांडी ओढून त्यानं सीट मागे घेतली. सीट कर्रकन मागे सरकली. हात स्टिअरिंगवर दहा आणि दोनच्या जागी आपोआप गेले. त्यानं डोळे मिटले.

आणि मिटलेल्या डोळ्यांना सगळं दिसायला लागलं.

मधोमध धुकं नव्हतं. समोरची काच स्वच्छ होती. गाडी शांती नगरातून निघाली, काशिमिऱ्याला वळली, वरसाव्याचा पूल लागला. खाडी खाली चकचकत होती. पुलावर एकही ट्रक नव्हता. पुलापलीकडे वसई यायला हवी होती, पण आली नाही, सरळ पनवेल आलं. पनवेलनंतर महाडच्या अलीकडचा चहावाला, त्याच्या टपरीवरचा पिवळा बल्ब. पहाटेचे पाच असावेत. मग रस्ता वर चढू लागला. हे कुठल्या सालातलं, शशिकांतला सांगता आलं नसतं. अठ्ठ्याऐंशीतला रस्ता दोन हजार चारमधल्या रस्त्याला जाऊन मिळत होता आणि कुणाची काही हरकत नव्हती. कडेला करवंदीच्या जाळ्या, मैलाचे दगड, प्रत्येक दगडावरचा आकडा वाचता येत होता. शेहेचाळीस. पंचेचाळीस. आकडे वाचण्यात एवढं सुख असतं हे त्याला कुठे माहीत होतं?

त्याला वाटलं, शेजारी कुणीतरी बसलंय. कोण, ते बघायला मान वळवावी असं मनात आलं, पण घाट होता. घाटात नजर रस्त्यावर ठेवायची. चौतीस वर्षं त्यानं तेच केलं होतं. शेजारी बसलेलं माणूस काय बघतंय, हसतंय की नाही, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. जरा सरळ रस्ता येऊ दे, मग बघू, असं म्हणेपर्यंत पुढे ते मोठं वळण आलं, डावीकडचं, दरीला लागून असलेलं. शशिकांतनं अंगातलं सगळं बळ लावून स्टिअरिंग डावीकडे ओढलं.

खट्.

स्टिअरिंग जागच्या जागी आवळलं. घाट गेला. करवंदी गेल्या. शशिकांतनं डोळे उघडले तर समोर तेच पुसलेलं वर्तुळ, आणि त्याच्या कडेनं बोंबलांच्या रांगा वाऱ्यावर हलताना.

"कवा पोचताव, बाबा?"

खिडकीबाहेर एक बाई उभी होती. काठीवरचे बोंबील उलटायला आलेली असावी, हाताला मासळीचा वास होता. आवाजात चेष्टा नव्हती. विचारावं म्हणून विचारलं होतं.

शशिकांतच्या कानशिलांना आग लागली. "नाही, म्हणजे… जरा बसलो होतो."

"बसा की. मना वाटला घाईत हाव," बाई म्हणाली आणि पुढच्या काठीकडे गेली.

लांबून केशरी ठिपका परत येताना त्याला दिसला, तसा शशिकांत लगबगीनं उतरला, बॉनेटला धरून पलीकडे गेला आणि आपल्या जागेवर बसला. बासष्टाव्या वर्षी त्याला आईच्या डब्यातला लाडू चोरल्यासारखं वाटलं.

मृणालिनी आली ती घोट्यापर्यंत ओली, चपला हातात. "काय पाणी होतं सांगू! यायला हवं होतंत." ती आत बसली आणि गप्प झाली. शशिकांतला कारण लगेच कळलं. तिचे पाय क्लचपर्यंत पोचत नव्हते. सीट मागेच राहिली होती. मग खालची दांडी ओढल्याचा आवाज झाला, सीट कर्रकन पुढे आली, आणि मृणालिनी काही म्हणजे काही बोलली नाही. पर्सची चेन उघडली, चावी काढली, खाचेत घातली.

चावी फिरेना.

तिनं पुन्हा फिरवली. काढून पुसली, उलटी करून घातली, परत सुलटी घातली. दात-ओठ खाऊन जोर लावला. चावी भिंतीत ठोकल्यासारखी घट्ट.

"अहो, फिरत नाहीये."

शशिकांतला फिरत का नाहीये ते ती बोलायच्या आधीपासून माहीत होतं. चावी नसताना कुणी स्टिअरिंग पिळलं की आत कुलूप बसतं, चोरानं गाडी नेऊ नये म्हणून. मग चावीही अडते. नव्या ड्रायव्हरला हे कुणी सांगत नाही, कारण जुन्यांना वाटतं, हे काय सांगायचं. एका हातानं स्टिअरिंग जरा हलवायचं, दुसऱ्या हातानं चावी फिरवायची. दोन सेकंदांचं काम. पण हे सांगायचं, तर स्टिअरिंग पिळलं कुणी, तेही सांगावं लागलं असतं. डोळे मिटून, चावी नसलेल्या गाडीत बसून मी घाट चढत होतो, हे बायकोला सांगायचं कसं? आणि वाटेत एक शब्द बोलायचा नाही, ही अट तिचीच होती. शशिकांतनं त्या अटीला घट्ट धरलं.

मृणालिनीनं निकेतला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तेवढ्यात स्कूटरवरून एक जोडपं आलं, फिरायला आलेलं. तरुणानं हेल्मेट काढून खिडकीतून वाकून बघितलं, स्वतः चावी फिरवून बघितली. "आंटी, चाबी घिस गयी है. डुप्लिकेट है क्या घर पे?"

"है, लेकिन घर पे है. मीरा रोड."

"फिर तो टोइंगवाले को बुलाना पडेगा," असं सांगून ती दोघं फोटो काढायला पुढे गेली.

बोंबीलवाली बाई आता काम सोडून आली होती. "काय झाला, बाय?"

"चावी फिरत नाही हो. आत्ता तर आलो आम्ही चांगले."

"मी सत्यवती. माजी एवरी जिंदगी होडीवर गेली, मना गारीतला काय कलत न्हाय," ती म्हणाली. तिनं मृणालिनीकडे बघितलं, मग वाकून पलीकडे शशिकांतकडे बघितलं. शशिकांतला तिचा चेहरा दिसला नाही, पण नजर जाणवली. "बाबांना इचारा की. गारी त्यांचीच हाय ना?"

एवढंच बोलून ती थांबली. मगाशी जे बघितलं ते तिनं पदरात बांधून ठेवलं होतं आणि गाठ सोडणार नव्हती.

मृणालिनीनं विचारलं नाही. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मीच काहीतरी केलं असणार," ती हळूच म्हणाली. "येताना तिसऱ्या गिअरमध्ये टाकली, तेव्हाच काहीतरी मोडलं असेल. हँडब्रेक लावून चालवली. तुम्ही चौतीस वर्षं चालवलीत, एक ओरखडा नाही. मी एका दिवसात वाट लावली. तुम्ही म्हणायचात ते खरंच होतं. माझं लक्ष नसतं."

तिचा आवाज शेवटी शेवटी पातळ झाला. शशिकांत तिच्याकडे वळला आणि सवयीनं तिच्या चेहऱ्याकडेच बघितलं, म्हणून चेहरा गेला. राहिल्या त्या स्टिअरिंगखाली टेकलेल्या हातांतल्या दोन हिरव्या बांगड्या.

"तू काही केलं नाहीस," तो म्हणाला. "मी केलं."

"तुम्ही?"

"तू गेलीस तेव्हा मी तिकडे बसलो होतो. तुझ्या जागेवर. डोळे मिटून…" त्यानं खिडकीची कड बोटानं पुसली. "डोळे मिटून गाडी चालवत होतो, मृणाल. पोरं चालवतात तशी. वळण आलं म्हणून स्टिअरिंग ओढलं आणि लॉक बसलं. चावीला काही झालेलं नाही. मला मगासपासून माहीत होतं. सांगायची लाज वाटली."

बाहेर सत्यवती एकदम कामात गुंतली. जवळच्या काठीवरचे बोंबील तिनं आधीच उलटले होते, ते परत उलटायला घेतले.

मृणालिनीनं साडीची ओली कड पिळली. मग म्हणाली, "तुम्ही बसला होतात ते मला कळलं होतं. सीट मागे गेली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? बसलात तर बसलात. मला वाटलं, बसावंसं वाटलं असेल." ती थांबली. "चावी मी पर्समध्ये टाकली ना, तेव्हा तुमचं तोंड बघितलं होतं. पाण्यात उभी होते तरी तेच डोळ्यांसमोर होतं. पण त्या ध्रुवचं मनात आलं की हात आपोआप चेन लावतात हो. काय करू?"

"लाव. लावत जा," शशिकांत म्हणाला. "मीही तेच केलं असतं."

बोलून झाल्यावर त्याला जाणवलं की हे त्यानं मनापासून म्हटलंय. दीड वर्ष छातीवर बसलेलं काहीतरी उठून पलीकडे जाऊन बसलं. गेलं नाही, पण उठलं.

"दे इकडे हात," तो म्हणाला. त्यानं तिचा डावा हात घेतला आणि स्टिअरिंगवर ठेवला, आपला हात वर. "जोर नाही लावायचा. दोन्हीकडे हलवून बघ. एक बाजू दगड लागेल, दुसरी थोडी देईल. लागली?"

"हं. इकडे जरा देतेय."

"मग तिकडेच दाबून धर. आता उजव्या हातानं चावी. अलगद. दुधावरची साय काढतेस ना, तेवढंच."

आतून बारीकसा आवाज आला, गाठ सुटावी तसा. चावी फिरली. गाडी सुरू झाली आणि मृणालिनी एवढ्या मोठ्यांदा हसली की काठीवरचा कावळा उडाला. मग हसता हसताच तिनं डोळे पुसले. सत्यवतीनं वर्तमानपत्रात गुंडाळलेले मूठभर बोंबील खिडकीतून आत ठेवले. "न्या. भाजून खावा. आनी बाबा," ती शशिकांतला म्हणाली, "परत याल तवा खाली उतरा. मी हात धरीन. मना लाज न्हाय वाटत."

परतीच्या वाटेवर सूर्य मिठागरांवर टेकला होता. पाण्याला तांब्याची कळा आली होती. गाडी हळूहळू चालली होती, इतकी हळू की सायकलवाले पुढे जात होते. शशिकांतला घाई नव्हती.

"बोला आता," मृणालिनी म्हणाली. "अट संपली."

"काय बोलू? चांगली चालवतेयस."

"खरं?"

"क्लचवरचा पाय काढ. गरज नसताना ठेवू नये. बाकी चांगली."

ती हसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "डोळे मिटून कुठे गेला होतात?"

त्यानं सांगितलं. वरसाव्याचा पूल, पुलापलीकडे लागलेलं पनवेल, पिवळा बल्ब, मैलाचे दगड. सांगताना त्याला संकोच वाटेल असं वाटलं होतं, पण वाटला नाही. शेजारी कुणीतरी होतं आणि आपण बघितलं नाही, हेसुद्धा त्यानं सांगितलं.

"मीच असणार," मृणालिनी म्हणाली. "दुसरी कोण येणार तुमच्याबरोबर पहाटे पाचला?"

मग ती रस्त्यावरचं सांगू लागली. त्यानं विचारलं नव्हतं. "डावीकडे मिठाचे ढीग आहेत. एकावर ताडपत्री घातलीय, बाकी उघडे. दोन बगळे. तिसरा आला. एक माणूस फळीनं पाणी ओढतोय, त्याची सावली केवढी लांब पडलीय बघा, पार बांधापर्यंत…" तिचा आवाज सरळ रस्त्यासारखा पुढे पुढे जात होता. खाली चाकांची घरघर होती. शशिकांतनं डोळे मिटले. रस्ता बघायचं काम आता दुसऱ्या कुणाचं होतं. चौथा बगळा आला, आणि पुढचं त्यानं ऐकलं नाही.

जाग आली तेव्हा सगळं शांत होतं. इंजिनाचा आवाज नव्हता. शशिकांत दचकून सरळ झाला. "काय झालं? बंद पडली?"

"नाही हो. पोचलो. घरी आहोत."

त्यानं बाहेर बघितलं. पार्किंगमधला दिवा लागला होता. वर कुणाच्या तरी घरी टीव्हीवर बातम्या चालू होत्या. "कधी?"

"झाली वीस-पंचवीस मिनिटं."

"अगं, मग उठवायचं ना! बसून काय राहिलीस?"

"घोरत होतात," मृणालिनी म्हणाली. "इतक्या वर्षांत गाडीत तुम्ही झोपलेले मी पाहिलेच नव्हते. म्हटलं, बघू तरी कसे दिसता."

शशिकांतनं तोंडावरून हात फिरवला. खरंच. बसमध्ये, रेल्वेत, डॉक्टरच्या बाकावर, सगळीकडे झोपला होता तो. गाडीत कधीच नाही. मान अवघडली होती आणि बरं वाटत होतं.

"पूल कसा चढलीस?"

"चढले."

"बंद पडली?"

"एकदा. मागच्यानं शिव्या दिल्या, मी त्याला हात केला." तिनं पर्स उचलली, दाराच्या कडीला हात घातला, पण उतरली नाही. "तुमचं मात्र सगळं बघायचं राहिलं की. मिठागरांनंतरचं काहीच ऐकलं नाहीत."

"मग सांग आता."

"आता? इथे बसून?"

"कुठे जायचंय आपल्याला?"

मृणालिनीनं पर्स परत मांडीवर ठेवली आणि सीटला पाठ टेकली. "तर मोरव्याच्या पुढे ना," ती म्हणाली, "रस्त्यात मधोमध एक म्हैस उभी होती. काळी कुळकुळीत. मी हॉर्न वाजवला नाही. मी थांबले, आणि ती माझ्याकडे बघत राहिली…"